खिशांतलें होकायंत्र

पावसाळ्यांत सह्याद्रीच्या पठारावर धुकें उतरलें, कीं परिचित वाटही क्षणांत नाहींशी होते. सूर्य दिसत नाहीं, आणि भलत्या दिशेनें टाकलेलीं थोडीं पावलें कड्यावर नेऊं शकतात. मोबाइलमध्यें दिशादर्शक असतो खरा. पण बॅटरी संपली कीं तो मुका होतो. म्हणून खिशांत लहानसें होकायंत्र असावें. मात्र तें पारखून घ्यावें.

कोरड्या यंत्राची सुई बराच वेळ डोलत राहते. द्रवानें भरलेल्या डबींतली लवकर स्थिरावते. द्रवांत मोठा बुडबुडा नसावा. यंत्र सपाट धरून लोखंडी किल्लीनें सुई हलवावी. किल्ली दूर नेल्यावर सुई प्रत्येक खेपेस पूर्वीच्याच जागीं परतली पाहिजे. ती तबकडीस घासत असेल, तर यंत्र बहुधा दूरच्या अक्षांशासाठीं तोललेलें असतें. तें घेऊं नये.

वापरतांना चाकू व मोबाइल दूर ठेवावे. काळ्या बसाल्ट खडकावर यंत्र टेकवूं नये. त्यांतलीं लोहयुक्त खनिजें सुईला फसवितात.

शेवटीं, यंत्र दिशा सांगतें, वाट नव्हे. चढतांना वळणावळणावर दिशा टिपून ठेवणारासच उतरतांना त्याचा खरा आधार मिळतो.