मोडीच्या सोन्याचा हिशेब

(केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीमंत देशांच्या बाजारात अलीकडे एक नवे पुण्य विक्रीस आले आहे. जुने सोने-चांदी वितळवून घडविलेला दागिना हा निर्मळ दागिना, कारण त्यासाठी नव्याने धरणीचे पोट फाडावे लागत नाही, असे तेथील जाहिराती सांगतात. पॅंडोरा या डेन्मार्कच्या कंपनीने 2020 साली जाहीर केले की, 2025 पर्यंत ती केवळ पुनर्वापरातील सोन्याचांदीचेच दागिने घडवील. केनवडच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. सासूची एकदाणी मोडून सुनेची पोत करावी, ती पोत मोडून नातीच्या लग्नात डोरले करावे, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. सोने कोणी उकिरड्यावर टाकत नाही. नवल आहे ते एवढेच की, गरिबाची ही काटकसर आता श्रीमंतांच्या दुकानात वेष्टनात गुंडाळून मिळू लागली आहे.

तथापि या विचाराची थट्टा करून भागणार नाही. एक टन दगड फोडावा तेव्हा त्यातून काही ग्रॅम सोने निघते. ते काढण्यासाठी सायनाइड लागते आणि उरलेला गाळ तेथेच पडून राहतो. कोलारची खाण 2001 साली बंद झाली, पण तिच्या गाळाचे डोंगर अद्याप उभे आहेत आणि वाऱ्याबरोबर त्यांची धूळ खाणकामगारांच्या वस्तीत येते. आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत हातांनी सोने काढणारे लक्षावधी मजूर पारा वापरतात. जगाच्या हवेत मानवी व्यवहारांतून मिसळणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा या लहान खाणींचाच आहे. जुने सोने पुन्हा वापरणे हे तत्त्वतः योग्यच आहे. प्रश्न असा की, या पुनर्वापराची किंमत कोण मोजतो?

वाशीम जिल्ह्यात दागिना मोडला जातो तो हौसेने फार थोडा. मृगाच्या तोंडाशी सोयाबीनचे बियाणे आणि खत घ्यायचे असते, बँकेचे पीककर्ज वेळेवर हाती पडत नाही, आणि घरातली एकच वस्तू अशी असते की जी तासाभरात रोकड देते. ती प्रथम गहाण पडते आणि पीक बुडाले की मोडीत जाते. 2015 साली राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला. परंतु सावकाराने आपल्या परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेली कर्जे त्यातून वगळली गेली. जणू गळ्यातली पोत काढून देणारी बाई सावकाराचा परवाना कोणत्या तालुक्यापर्यंत चालतो हे आधी विचारून घेते!

आता मोडीचा हिशेब पाहा. समजा, 20 ग्रॅमची जुनी पोत आहे. तिच्यात जोडकामाचा डाग बराच, म्हणून टंच निघाला 84. म्हणजे शुद्ध सोने 16.8 ग्रॅम. त्याचे 22 कॅरटचे सोने होते सुमारे 18.3 ग्रॅम. नव्या दागिन्याची घडणावळ शेकडा 12 धरली, तर हाती येणारा दागिना 16.4 ग्रॅमच्या आसपास भरतो. वितळण्यातली घट आणि कर आणखी वेगळे. एका मोडीत 20 चे 16 झाले. यातली खरी मेख अशी की, ज्या डागाचे वजन मोडीच्या वेळी निर्दयपणे वजा होते, तेच वजन पोत विकत घेताना सोन्याच्या भावाने मोजून घेतलेले असते. तोळासुद्धा पूर्वी 11.66 ग्रॅमचा होता, आज बाजारात 10 ग्रॅमचा आहे. आजीच्या तोंडचा ‘पाच तोळे’ आणि दुकानदाराच्या तोंडचा ‘पाच तोळे’ यांत आठ ग्रॅमहून अधिक अंतर आहे. ज्याला हे अंतर ठाऊक आहे तो गप्प राहतो.

दुकानातून हे सोने गलाईवाल्याकडे जाते. हा धंदा भारतभर करणारी माणसे बहुतांशी मराठी आहेत, ही गोष्ट विदर्भात फारशी ठाऊक नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा विट्याभोवतीचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा. शेतीने पोट भरेना तेव्हा तेथील तरुण केरळपासून पंजाबपर्यंतच्या सराफ बाजारांत पांगले आणि सोने-चांदी गाळण्याच्या कामात शिरले. काहींनी पुढे स्वतःची दुकाने थाटली, गावी बंगले बांधले. त्यांचे कौतुक होते आणि ते व्हावेही. परंतु पहिली अनेक वर्षे त्या पोराने काय केले? एका कोंदट खोलीत मुशीत टाकणखार घालून जुने दागिने वितळविले, त्यात चांदी मिसळली, पत्रा केला आणि तो तेजाबात उकळला. चांदी-तांबे विरघळते, तळाशी तपकिरी भुकटी उरते, ते शुद्ध सोने. त्या वेळी भांड्यातून जो तांबूस धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याचा कावा असा की, श्वासात गेल्यावर लगेच फारसे काही वाटत नाही; कित्येक तासांनी, कधी झोपेत, फुप्फुसात पाणी भरू लागते. चुलीवर धुराडे, डोळ्यांना चष्मा, नाकाला योग्य मुखवटा यांचा खर्च तेथे गाळल्या जाणाऱ्या सोन्याच्या मानाने नगण्य आहे. तो होत नाही, कारण दहा-बारा फुटांच्या खोलीतले दोन-चार मजूर कारखाना कायद्याच्या संख्येत बसत नाहीत.

त्याहून खाली झारेकरी. सराफाच्या दुकानातील केर, भट्टीतील राख, गटारातील गाळ विकत घ्यायचा, धुवायचा, पाऱ्याने कण धरायचे आणि तो पारा जाळायचा. पूर्व विदर्भातील सोनझारी जमात हेच कौशल्य नदीच्या वाळूत वापरीत आली. पुनर्वापराचे शास्त्र जर कोणी खरोखर जाणत असेल तर तो हा माणूस. कोणत्याही निर्मळ दागिन्याच्या जाहिरातीत त्याचे चित्र नाही.

सरकारने या क्षेत्रात लक्ष घातले नाही असे नव्हे. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि नवा दागिना 14 कॅरटच्या वर करण्यास बंदी झाली. आयात आणि चोरटी आवक रोखण्याचा हेतू चुकीचा नव्हता. परंतु बडगा पडला तो स्वतंत्र कारागिरावर, तस्कर शाबूत राहिला. लक्षावधी सोनारांचे हात रिकामे झाले. 14 कॅरटचा निर्बंध 1966 साली उठला, आणि 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली मधु दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. पुढे नोव्हेंबर 2015 मध्ये घरातील सोने बँकेत ठेवण्याची योजना निघाली. तिच्या मध्यम व दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च 2025 मध्ये बंद करण्यात आल्या. तिच्यातही दागिना वितळूनच जमा होई. केनवडच्या बाईला सोने ठेवायचे नसते, ते सोडवून आणायचे असते, एवढी साधी गोष्ट योजनाकारांच्या ध्यानी आली नाही.

जागतिक सुवर्ण परिषदेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली भारतात सुमारे 75 टन जुने सोने पुन्हा वापरात आले. त्याच वर्षीची आयात हजार टनांच्या घरात होती. म्हणजे पुनर्वापराने खाणी बंद पडतील ही समजूत भाबडी आहे. शिवाय सोने एकदा मुशीत गेले की त्याचे कूळ पुसले जाते. ते खाणीतून आले, तस्करीतून आले की दुष्काळात मोडलेल्या मंगळसूत्रातून आले, हे त्या लगडीवर लिहिलेले नसते.

कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे काम आहे, आणि त्यासाठी दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. भारतीय मानक ब्युरोने 2022 पासून सामान्य ग्राहकालाही तपासणी केंद्रात टंच काढून घेण्याची सोय दिली. चार नगांपर्यंत शुल्क 200 रुपये ठरले. केंद्र शहरात आणि बाई गावात, म्हणून बचतगटांनी चार घरांचे नग एकत्र करून दोन विश्वासू माणसांबरोबर तपासणीस पाठवावेत. टंचाचा कागद हाती असलेल्या बाईला दुकानदार वेगळ्या स्वरात बोलतो. गहाणाची पावती 2014 च्या सावकारी कायद्यानुसार मागून घ्यावी, वजन ग्रॅममध्ये लिहून घ्यावे. आणि सहकारी सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला प्रश्न हा विचारावा की, पीककर्ज मे महिन्याच्या अखेरीस हाती का पडत नाही.