संस्थेचे नाव संस्थेच्याच नावावर

(निपाणी परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि सहकारी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्यापैकी काहींना अपरिचित वाटेल. संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली तर काय करावे, आणि हातचे गेलेले नाव परत कसे मिळवावे, याविषयी मी बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु या प्रश्नात यंत्रविद्येचा भाग थोडा आहे. कागदपत्रे, तारखा आणि जबाबदारी यांचाच भाग मोठा आहे. म्हणूनच तो आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगा आहे.

आज निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागांतील शाळा-महाविद्यालये, वाचनालये, पतसंस्था, सौहार्द सोसायट्या यांची संकेतस्थळे आहेत. प्रवेशाचे अर्ज, ठेवींचे दर, निकाल, सभेच्या सूचना त्यांवर प्रसिद्ध होतात. अशा संकेतस्थळात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिली गोष्ट म्हणजे नाव, ज्याला डोमेन नाव म्हणतात. दुसरी म्हणजे ज्या यंत्रावर मजकूर साठविला जातो ती भाड्याची जागा. तिला होस्टिंग म्हणतात. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष मजकूर व छायाचित्रे. घराचा पत्ता, घराचे भाडे आणि घरातील सामान यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. भाडे भरलेले आहे, सामान जागेवर आहे. परंतु पत्ताच रद्द झाला, तर पाहुणा दारापर्यंत पोहोचणार कसा?

हे डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. शेतजमीन खंडाने घ्यावी, तसे ते मुदतीने मिळते. डॉट कॉम आणि डॉट इन या नावांची मुदत कमीत कमी एक वर्षाची आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. या व्यवस्थेची जागतिक देखरेख १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते. आपल्या देशाची डॉट इन ही नोंदवही निक्सी या संस्थेकडे आहे, आणि २००५ पासून ती नावे सर्वांना खुली झाली. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यापासून देवनागरी लिपीतील डॉट भारत हे नावही घेता येऊ लागले. सरकारी कार्यालयांची गव्ह डॉट इन ही नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत मिळतात आणि शिक्षणसंस्थांची एसी डॉट इन ही नावे अर्नेटमार्फत. बाकीची नावे रजिस्ट्रार म्हणून मान्यता मिळालेल्या कंपन्या देतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जमिनीच्या बाबतीत आपण किती दक्ष असतो पाहा. सीमेपलीकडे सातबारा म्हणतात, इकडे पहाणी किंवा उतारा म्हणतात. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली हे उतारे संगणकावर आले. शेत कसणारा कोणीही असो, उताऱ्यावर नाव कोणाचे, हे आपण आधी विचारतो. डोमेन नावालाही असाच एक उतारा असतो. नोंदणी कोणाच्या नावाने आहे, कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, केव्हा झाली आणि केव्हा संपणार, हे त्यात लिहिलेले असते. त्याला व्हूइज नोंद म्हणतात. त्यातील वैयक्तिक तपशील आता बहुधा झाकलेला असतो. परंतु रजिस्ट्रारचे नाव आणि मुदतीची तारीख कोणासही पाहता येते. आपल्या संस्थेचा हा उतारा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

समजा, एका हायस्कूलने दहा वर्षांपूर्वी संकेतस्थळ तयार केले. गावातील एका होतकरू तरुणाने ते काम करून दिले. त्याने नाव घेतले ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. तशी सोय होती, एवढेच. पुढे तो नोकरीसाठी पुण्यास गेला. त्याचा मोबाइल क्रमांक बदलला. मुख्याध्यापक निवृत्त झाले, शाळा सुधारणा समिती बदलली. आयकॅनच्या नियमानुसार डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि सुमारे एक आठवडा अशा दोन सूचना पाठवावयाच्या असतात, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. त्या सूचना निघाल्याही असतील. परंतु त्या गेल्या कोणाकडे? ज्या ई-मेलकडे आता कोणीच पाहत नाही, त्याच्याकडे! आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत संकेतस्थळ बंद पडले.

असे प्रसंग केवळ लहान संस्थांवर येतात असे नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीच्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरावयाचे राहून गेले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली पत्रे पाहता येईनात. अखेर एका त्रयस्थ संगणक-तज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा काम मार्गी लागले. अमेरिकेत कर्णबधिर व्यक्तींना खुणांच्या भाषेच्या साहाय्याने दूरध्वनी जोडून देणारी सोरेन्सन नावाची सेवा आहे. २०१६ साली तिच्या डोमेन नावाचे नूतनीकरण राहिले आणि त्या व्यक्तींना संकटकाळी मदतीचा ९११ क्रमांकही त्या सेवेवरून लावता येईना. पुढील वर्षी त्या कंपनीला २ लाख ५२ हजार डॉलर दंड भरावा लागला आणि सुमारे २७ लाख डॉलर परत करावे लागले. नूतनीकरणाचा खर्च किरकोळ. विसरण्याची किंमत मात्र अशी.

मुदत संपल्याचे लक्षात आले, तर गोंधळून न जाता प्रथम व्हूइज नोंद पाहून तारीख टिपून घ्यावी. यापुढे प्रत्येक दिवसाला महत्त्व आहे. डॉट कॉमसारख्या नावांचा क्रम साधारणतः असा असतो. मुदत संपल्यानंतर काही दिवस रजिस्ट्रार नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करू देतो. हा काळ जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो. परंतु तेवढा काळ देण्याचे त्याच्यावर बंधन नाही, आणि काही रजिस्ट्रार मधल्या काळातच नाव लिलावात काढतात. त्यानंतर नाव रद्द झाले, तरी ३० दिवसांचा विमोचन काळ मिळतो. तेव्हा मूळ नोंदणीदाराला जादा शुल्क भरून नाव सोडवून घेता येते. त्यापुढील पाच दिवसांत कोणाचेच काही चालत नाही, आणि मग नाव सर्वांना खुले होते. जो प्रथम मागेल त्याचे. म्हणून ४५ दिवस आहेत असे समजून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी शुल्क भरावे.

खाते संस्थेचे असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. खाते दुसऱ्याच्या हाती असेल तर प्रथम त्या व्यक्तीला शोधावे आणि सामोपचाराने नूतनीकरण करून घ्यावे. जुनी बिले, रुसवेफुगवे, कोणाची चूक, हे सर्व नंतर. आधी नूतनीकरण, मग हिशेब, हा क्रम मोडू नये. ती व्यक्ती सापडत नसेल तर रजिस्ट्रारला लेखी कळवावे. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीचा ठराव, पूर्वी भरलेल्या शुल्काच्या पावत्या, ज्यावर संकेतस्थळाचा पत्ता छापला आहे अशी जुनी पत्रके, हे सर्व जोडावे. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात अनेक संकेतस्थळांची जुनी पाने जतन केलेली असतात. नाव आपण अनेक वर्षे वापरीत होतो याचा तो चांगला पुरावा ठरतो, आणि हरवलेला मजकूरही कित्येकदा तेथे सापडतो.

नाव परत मिळाल्यावर काम संपले असे समजू नये. खात्याचा पासवर्ड त्वरित बदलावा, मोबाइलवरून दुहेरी पडताळणी चालू करावी, नाव दुसरीकडे हलविता येऊ नये म्हणून असलेले कुलूप लावावे, आणि ई-मेल पूर्ववत येत आहेत की नाहीत ते पाहावे. बदल सर्वत्र पोहोचण्यास काही तास, क्वचित एकदोन दिवसही लागतात.

परंतु नाव परक्याच्या हाती गेले असेल तर? येथे गैरसोयीच्या पलीकडचा धोका उभा राहतो. टाकलेली नावे हेरून ती घेणारे लोक जगभर आहेत. शाळेच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. पालकांचा जुना विश्वास त्यांच्या उपयोगी पडतो. शिवाय त्या नावाने येणारे ई-मेलही नव्या धन्याकडे जाऊ शकतात. पतसंस्थेच्या बाबतीत हुबेहूब पान उभारून ठेवीदारांची फसवणूक करणे कठीण नाही. अशा वेळी सभासदांना जाहीर सूचना द्यावी, फलकावर व वर्तमानपत्रात द्यावी, आणि फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स हा खटला बंगळूरच्या दिवाणी न्यायालयात सुरू झाला, कर्नाटक उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ६ मे २००४ रोजी त्याचा निकाल लागला. व्यापारचिन्हाला जे संरक्षण मिळते, ते डोमेन नावालाही मिळू शकते, असे त्यात ठरले. डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद-व्यवस्था आहे. तेथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते नाव आपला हक्क असलेल्या नावासारखे किंवा भ्रम उत्पन्न करणारे आहे; समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही; आणि त्याने ते दुर्हेतूने घेतले किंवा वापरले आहे. मार्ग आहे, पण तो वेळेचा आणि पैशाचा आहे. शिवाय आपणच सोडून दिलेले नाव दुसऱ्याने प्रामाणिक हेतूने घेतले असेल, तर ते परत मिळेलच असे नाही.

आपल्या भागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे इंग्रजी नाव ‘बेलगाम’ ऐवजी ‘बेळगावी’ असे झाले. ज्यांच्या डोमेन नावात जुने रूप आहे, अशा संस्था नवे नाव घेऊ शकतात. परंतु नवे घेतले म्हणून जुने लगेच सोडू नये. जुन्या पत्रकांवर, प्रमाणपत्रांवर, लोकांच्या मोबाइलमध्ये जुना पत्ताच असतो. बँकांच्या बाबतीतही तेच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या सुरक्षित नावाकडे जाण्यास सांगितले होते, आणि हा आदेश नागरी सहकारी बँकांनाही होता. नवे घर बांधले तरी जुन्या घराला कुलूप हवेच; नाही तर त्यात कोण शिरेल याचा नेम नाही. जुने नाव काही वर्षे राखावे आणि त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्याकडे वळवावे.

तेव्हा प्रत्येक संस्थेने पुढच्या सभेत एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. डोमेन नाव संस्थेच्या नावाने नोंदलेले असावे. खात्यास जोडलेला ई-मेल पदावरील व्यक्तीच्या हाती राहणारा, पण त्या डोमेनवर अवलंबून नसलेला असावा. कारण नाव बंद पडले की त्या नावाचा ई-मेलही बंद पडतो आणि सूचनाच पोहोचत नाही. मोबाइल क्रमांक कार्यालयाचा असावा. रजिस्ट्रारचे नाव, खात्याचा तपशील व मुदतीची तारीख मालमत्ता नोंदवहीत लिहावी, पासवर्ड मात्र सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, आणि पदभार देताना दोन्ही गोष्टी पुढच्या व्यक्तीच्या स्वाधीन कराव्यात. आपल्याकडे ग्रामपंचायतीचे अध्यक्ष ३० महिन्यांनी बदलतात. डोमेनची मुदत पाच वर्षांची असेल तर घेणारा एक आणि नूतनीकरण करणारा दुसरा, हे ठरलेलेच. म्हणून मुदत लांब घेतली तरी दरवर्षी एकदा, लेखापरीक्षणाच्या वेळी, ती तारीख पाहावी. भलत्याच कंपनीकडून नूतनीकरणाचे बनावट पत्र आल्यास पैसे भरू नयेत आणि ओटीपी कोणासही सांगू नये.

मित्रहो, पूर्वसूरींनी पै-पै जमवून शाळा उभारल्या, वाचनालये चालविली, पतपेढ्यांची पत निर्माण केली. ती पत आज संस्थेच्या नावावर उभी आहे, आणि ते नाव वर्षाकाठी थोडक्या रुपयांत राखता येते. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा आज घरी गेल्यावर आपल्या संस्थेचा हा नवा उतारा एकदा पाहा. त्यावर संस्थेचे नाव नसेल, तर उद्याच्या कामाची सुरुवात तेथूनच करा.