दोन रुपयांची स्प्रिंग
(लखनौ येथे रेल्वे आणि टपाल खात्यातील मराठी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका निवृत्त फिटरने केलेले भाषण)



महागाई भत्त्यावर आणि पेन्शनवर बोलणारे इथे पुष्कळ आहेत. मी फिटर माणूस, मी स्कूटरच्या ब्रेकवर बोलणार आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या दारात अजूनही जुनी विजय सुपर उभी आहे. ही लखनौचीच लेक. 1972 साली केंद्र सरकारने इथे स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली. इटलीच्या इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा बनवणारी यंत्रसामग्री विकत आणली आणि 1975 पासून उत्पादन सुरू झाले. 1997 मध्ये स्कूटर बनणे थांबले, पुढे विक्रम तीनचाकीच राहिली. 2021 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करण्यास मंजुरी दिली. म्हणजे आज सर्वांत नवी विजय सुपरसुद्धा पंचवीस वर्षांहून जुनी आहे, आणि तिची देखभाल करणारे आपणच उरलो आहोत.

ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात. पायडल दाबले की कॅम फिरतो आणि शू फाकून ड्रमला घासतात. पायडल सोडले की त्यांना परत ओढायचे काम स्प्रिंग करते. ती ढिली पडली की शू ड्रमला चिकटून राहतात. गाडी जड चालते, पेट्रोल जास्त जाते, ड्रम तापतो. रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगायला नको. वॅगनला ब्रेक बाइंडिंग म्हणतो ते हेच. तिथेही सिलिंडरचा पिस्टन परत आणणारी एक स्प्रिंगच असते.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्कूटरची मागची स्प्रिंग सैल झाली. नवी तेव्हा दोन रुपयांना मिळत होती. मी काय केले? जुनीचा एक वेढा कापला, टोक पकडीने वाकवून नवा आकडा केला आणि बसवली. आठ दिवस छान चालली. नवव्या दिवशी रात्री मंडळींना मागे बसवून येत होतो. आकडा तुटला, तुकडा शू आणि ड्रमच्या मध्ये गेला आणि मागचे चाक जागीच जाम झाले. मला खरचटले. तिचे मनगट मोडले. आजही थंडीत ते दुखते आणि ती काही बोलत नाही.

साथींनो, वॅगनची स्प्रिंग कापून बसवायला कोणी सांगितले असते तर मी पाना खाली ठेवला असता. टपालातला आपला भाऊ सील तुटलेली थैली मुकाट्याने ताब्यात घेतो का? मग घरी आपण असे का वागतो? घरी ‘फिट’चा शेरा मारणारा साहेब नसतो म्हणून?

तेव्हा काम नीट कसे करायचे ते ऐका.

गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या, खाली मजबूत फळी द्या. ब्रेकच्या केबलचा ताण आधी सैल करा, मग चाक काढा. मागचा हब शंकूसारख्या निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेला असतो. त्याला पुलरच लागतो. हातोड्याने ठोकू नका. पुलर नसेल तर तेवढे काम गॅरेजमध्ये करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

ड्रम उघडला की आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात जाऊन बसतो. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

काही सोडवण्याआधी कागदावर चित्र काढा: स्प्रिंग कुठल्या भोकात आहे, आकड्याचे तोंड कुठे आहे. खिळीवर क्लिप असेल तर ती काढा. मग दोन्ही शू स्प्रिंगसकट आतल्या बाजूला दुमडून उचला, म्हणजे ताण आपोआप कमी होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, सुटलेली स्प्रिंग चेहरा पाहून उडत नाही.

जुनी स्प्रिंग नवीच्या शेजारी ठेवा. वेढ्यांत फट दिसली, लांबी वाढली किंवा रंग निळसर झाला असेल तर ती मेली. दोन असतील तर दोन्ही बदला. लायनिंग तेलकट असेल तर तेलाचे सील गळते आहे. ते बदलल्याशिवाय नवी स्प्रिंग घालून उपयोग नाही. ग्रीस फक्त कॅमला आणि खिळीला, तेही बोटभर नव्हे, नखभर.

नव्या स्प्रिंगसकट शू तसेच दुमडून बसवा. हबच्या नटाखालचे वॉशर नवे घाला, नट पुस्तकात दिला आहे तितका आवळा आणि वॉशरची कड त्यावर वाकवा. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे आणि पायडल दाबताच थांबले पाहिजे. पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, माणसाच्या चालीने घ्या. मग थोडे अंतर जाऊन ड्रमजवळ हात न्या. ब्रेक फारसा न लावताही तो भाजत असेल तर पुन्हा उघडा.

साथींनो, परक्या प्रवाशासाठी जी शिस्त आपण पाळतो, तीच आपल्या मागे बसणाऱ्या माणसासाठी पाळायला हवी. ती दोन रुपयांची काटकसर मला फार महाग पडली. तुम्हाला पडू नये, एवढ्यासाठीच उभा राहिलो.