ठराव वहींत, दूध गटारांत

(एका गांवच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)

संस्थेच्या कमिटींत आम्ही बसतों. वर्षाअखेर कमिटीनें उभें राहून काय मिळविलें तें सांगावें अशी रीत आहे. परंतु आज आम्ही मिळविल्याची नव्हे, गमावल्याची गोष्ट सांगणार आहों. कारण जें गेलें तें कमिटीच्या खिशांतलें नव्हतें. तुमच्या गोठ्यांतलें होतें.

गेल्या वर्षीं याच मांडवांत अकरा ठराव पास झाले. दुधाची प्रत सुधारावी, संकलन वाढवावें, बल्क कूलर घ्यावा, नवी इमारत बांधावी, असे एकाहून एक चांगले ठराव! टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि ठरावाची वही कपाटांत गेली. कोणता ठराव आधीं, कोणता मागून, आणि कोणी काय करावयाचें, हें मात्र कोणीच विचारलें नाहीं. एक ना धड, भाराभर चिंध्या!

पुढें काय झालें तें आपण जाणतांच. कूलर आला, पण जनरेटरचा पैसा इमारतीच्या पायांत गेला. सचिवाचें कमिशन लिटरावर ठरलेलें, म्हणून आलेलें दूध तो परत करीना. टँकरवाल्याचें भाडेंही लिटरावर, म्हणून टाकी भरल्याखेरीज तो हालेना. आणि कमिटीनें सायंकाळच्या दुधाची वेळ पांचाची ठेवली. चैत्रांतील त्या सायंकाळीं निम्म्या किटल्या साडेसहाला आल्या. तें कोमट दूध थंड दुधांत ओतलें गेलें. तितक्यांत वीज गेली, ती पहाटेपर्यंत आली नाहीं. सकाळीं संघाच्या दारांत तपासणी झाली, दूध नासलेलें निघालें, आणि टँकर परत आला. सगळ्या गांवाच्या दोन वेळच्या धारा आम्हीं गटारांत ओतल्या. त्या दहा दिवसांचा दुधाचा पगार कापला गेला. पशुखाद्याची उधारी वळती होऊन कांहीं घरांच्या हातीं कांहींच पडलें नाहीं.

त्या दिवशीं एक म्हातारी आम्हांस म्हणाली, “दादा, पांचाला दूध मागितलंत खरं, पण त्या वक्ताला आम्ही खुरपायला असतो. हे कुणाला इचारलं होतं का?”

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आम्हीं पुष्कळ विचार केला कीं, दोष कोणाचा? सचिवास लिटर वाढवा म्हणून सांगितलें होतें, त्यानें वाढविले. टँकरवाल्यानें कराराप्रमाणें केलें. बायामाणसें हातचें काम उरकून धार काढून आलीं. कामचुकार कोणीच नव्हता. प्रत्येकजण आपापला कासरा जोरानें ओढीत होता. पण गाडी एक आणि ओढ चार दिशांना! अशी गाडी जागीं तरी राहते, नाहीं तर उलटते.

आमच्या आजोबांच्या वेळीं विहिरीवर मोट चाले. मोटकरी नाडा आणि सोंदूर सांभाळून बैल धावेवर हांकी, मोट भरून येई, थारोळ्यांत रिती होई. पण पाटाच्या शेवटीं दारें धरणारा असे. त्यानें वेळेवर दारें मोडलें नाहीं, तर मोटकऱ्यानें दिवसभर घाम गाळूनहि पाणी उसाच्या वाफ्यांत न जातां बांधाबाहेर जाई. म्हणून मोट जुंपण्यापूर्वींच दोघे ठरवीत कीं, आज कोणता वाफा भिजवावयाचा. संस्थेचा कारभार याहून वेगळा नाहीं. कमिटी मोट हांकते, दारें सभासदांच्या हातीं असतात. वाफा कोणता, हें दोघांसहि ठाऊक पाहिजे.

आतां दुसऱ्या ठिकाणची हकीकत ऐका. गुजराथेंतील खेडा जिल्हा १९४६ सालीं मुंबई इलाख्यांत होता, आणि तेथील दूध मुंबईस जात असे. दूध घेण्याचा मक्ता एका खासगी डेअरीकडे होता. शेतकऱ्यास मिळेल तो भाव घ्यावा लागे. त्या वर्षीं जानेवारींत समरखा गांवीं शेतकऱ्यांची सभा भरली. ठरलें तें थोडक्यांत असें: गांवोगांव संस्था काढाव्या, त्यांचा एक संघ करावा, सरकारनें दूध त्या संघाकडूनच घ्यावें, तोंपर्यंत मक्तेदारास दूध घालूं नये. हा ठराव वहींत राहिला नाहीं. प्रत्येक घरास आपलें काम एका वाक्यांत कळलें होतें: दूध घालावयाचें नाहीं. पंधरा दिवस त्यांनीं तें पाळलें, आणि सरकारास ऐकावें लागलें. १४ डिसेंबर १९४६ रोजीं संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्यक्ष होते. १९४८ सालीं काम सुरू झालें तेव्हां दोनच गांवच्या संस्था, आणि रोजचें दूध सुमारें अडीचशें लिटर. तोच आज आपण अमूल म्हणून ओळखतों तो संघ.

पुढें अडचण आली. थंडींत म्हशी दूध भरपूर देत, पण मुंबई तितकें घेईना. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाहीं असें त्या काळचे जाणते म्हणत. वर्गीस कुरियन व हरिचंद दलाया यांनीं ती करून दाखविली, आणि १९५५ सालीं आणंदास भुकटी व लोणी करणारा कारखाना उभा राहिला. येथें ध्यानांत घ्या, कारखाना हवा म्हणून दूध शोधलें नाहीं. सभासदाचें दूध बाराही महिने खपलें पाहिजे, म्हणून कारखाना काढला. कामेंहि वांटलेलीं: गांवची संस्था दूध गोळा करून तपासते, जिल्ह्याचा संघ त्याचा माल करतो व जनावरांच्या दवापाण्याची सोय पाहतो, विक्रीसाठीं १९७३ सालीं राज्याचा महासंघ झाला. तिघांचीं कामें निराळीं, पण हिशेब एकच.

आमची आपणांस विनंती अशी कीं, यंदा अकरा ठराव नकोत. एकच ठराव करूं: आपल्या गांवचें एक लिटरहि दूध परत येतां कामा नये. मग ज्यानें त्यानें आपला वांटा उचलावा. घरांत कांस धुवून धार काढावी व दूध लगेच डेअरींत आणावें. वेळ कमिटीनें ठरवूं नये; आळीआळीनें, विशेषतः धार काढणाऱ्या बायांना, विचारून ठरवावी. सचिवास कमिशन आणलेल्या लिटरावर नव्हे, संघांत पास झालेल्या लिटरावर द्यावें. टँकरवाल्याचें भाडें वेळ पाळण्यावर ठरवावें. इमारत थांबवून कमिटीनें आधीं जनरेटर घ्यावा. पाऊसपाण्यानें घोटाळा झाल्यास त्या दिवसापुरती वेळ बदलण्याचा अधिकार सचिवास असावा. त्यासाठीं सभेची वाट पाहूं नये. आणि दर दहा दिवसांनीं, पगाराच्या दिवशीं, डेअरीच्या भिंतीवर खडूनें तीन गोष्टी लिहाव्या: किती दूध गेलें, किती परत आलें, कां आलें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास शेजाऱ्यानें वाचून दाखवावें.

कोणी म्हणेल, असल्या योजना अडाणी माणसास कशा कळणार? आम्ही विचारतों, मृगापासून सुगीपर्यंतचा सारा हिशेब जो बोटांवर मांडतो, तो अडाणी कसा? त्यास कळत नाहीं असें नाहीं. त्यास कोणी विचारीत नाहीं. गेल्या वर्षीं आम्हींहि विचारलें नाहीं, आणि त्याचें मोल तुमच्या चुलीनें भरलें.

म्हणून आतां ठरावावर हात वर करण्यापूर्वीं प्रत्येकानें मनाशीं एक विचारावें: उद्यां सकाळीं यांतलें माझें काम कोणतें? उत्तर सांपडलें तरच हात वर करा. न सांपडल्यास येथेंच उठून कमिटीला विचारा. तें सांगणें आमचें कर्तव्य आहे, आणि यंदा तें आम्ही चुकविणार नाहीं.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.