सोळाशे की आठशे?

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण पोलीस भरतीची तयारी करताहेत. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. मग सांगा, साताऱ्याच्या तृतीयपंथी आर्या पुजारीने किती पळायचं?

वादविवाद स्पर्धेला हा विषय झकास आहे. एक जण गुणसूत्रं काढेल, दुसरा संस्कृती काढेल, परीक्षक करंडक देतील आणि सगळे चहा पिऊन घरी जातील. आर्याची ती सोय नव्हती. 2022 च्या भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते, आणि अर्जाची मुदत कोणाचा वाद संपायची वाट बघत नसते. ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेली, तिथे तिच्या बाजूने आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. म्हणणं काय, तर नियमच नाहीत, चाचणी घेणार कशी? तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्येच मान्य केला होता. आठ वर्षांत मैदानावरचं अंतर काही कोणाला ठरवता आलं नाही! डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं: अर्जात तिसरा पर्याय द्या, 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत नियम करा, शारीरिक चाचणी त्यानंतर घ्या.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं प्रकरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. त्या तृतीयपंथी म्हणून छाननीत तो बाद झाला, तेव्हा त्या उच्च न्यायालयात गेल्या. आता, राखीव जागा बायकांनी झगडून मिळवल्या आहेत. तिथे उद्या कोणीही सोयीपुरता घुसेल, ही शंका रास्तच आहे, तिला हसू नका. पण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या शंकेचं काय केलं ते बघा. स्त्री म्हणजे काय, याची जगाला पुरेल अशी व्याख्या करत न्यायालय बसलं नाही. अंजलीताईंचं म्हणणं नोंदवून घेतलं: मी स्त्री म्हणूनच राहीन, फायद्यासाठी पुन्हा पुरुष होणार नाही. 2 जानेवारी 2021 ला त्यांना लढायची परवानगी मिळाली, आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या.

गावाला हे पचत नाही, असं शहरातले लोक सांगतात. आपल्या दारावरून तुकोबांची पालखी काटेवाडी, इंदापूर करत सराटीला जाते आणि नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या तरंगफळच्या लोकांनी 2017 मध्ये, थेट सरपंच निवडायची पद्धत नुकतीच आली होती तेव्हा, तृतीयपंथी असलेल्या माउली कांबळे यांना सरपंच केलं. कोर्टात जावं लागलं नाही. मतदारांनी व्याख्या मागितली असती तर निवडणूक आजही चालू असती.

तुमच्यातलं कोणी तलाठी होईल, कोणी ग्रामसेवक, कोणी दवाखान्यात केसपेपर काढेल. रकाना आणि समोरचा माणूस जुळत नाहीत, असं एखाद्या सोमवारी होईलच, आणि मागे रांग असेल. तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने काही विचारू नका. नाव विचारा, कशी हाक मारायची ते विचारा, नियम काढून वाचा. आणि अर्ज नाकारायचाच असेल, तर कलमासह कारण लेखी द्या, खाली सही आणि तारीख घाला. पुढे दाद मागायला तोच कागद लागतो.