पिशवी दाराबाहेर ठेवल्यावर

मला विषय दिलाय ‘घरातली बचत’. त्यातल्या विजेचं एका वाक्यात सांगतो. साठ वॉटचा पिवळा बल्ब अजून कुठे लागत असेल तर तो काढा, ९ वॉटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देतो. पाण्याचं दुसऱ्या वाक्यात. पैगंबर साहेब एक ‘मुद्द’ पाण्यात, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये येतं. आज घरी गेल्यावर नळाखाली बादली ठेवून वजू करा आणि किती पाणी साठलं ते बघा. उरलेला वेळ मला कचऱ्यासाठी हवाय, कारण तो पिशवी दाराबाहेर ठेवल्यावर संपत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जातो.

कुणाच्या? मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. त्याला लागूनच गोवंडीचं शिवाजीनगर आणि बैंगनवाडी. तुमच्यातल्या काहींचे मामा, खाला तिथे राहत असतील. जानेवारी २०१६ मध्ये ते डम्पिंग पेटलं. धूर कित्येक दिवस हटला नाही, उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आणि आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग कुणी लावली यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. मला इंजिनिअर म्हणून वेगळा प्रश्न पडतो : इतकं जळायला तिथे होतं काय?

उरलेला भात, भाजीची देठं, कलिंगडाच्या साली ढिगाखाली दबल्या की त्यांना हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना मिथेन तयार होतो. रिक्षात भरतो त्या सीएनजीतही मुख्यतः मिथेनच असतो. त्याच्या जोडीला प्लास्टिक, चिंध्या, थर्माकोल. म्हणजे गॅस आणि सरपण दोन्ही आपण एकाच काळ्या पिशवीत बांधून पाठवतो. तोच ओला कचरा मोकळ्या हवेत कुजला तर त्याचं खत होतं. मधला फरक घरातल्या एका जास्तीच्या डब्याचा आहे. ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलेलं होतं.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, “घंटागाडीवाला शेवटी सगळं एकत्रच टाकतो.” काही ठिकाणी टाकतात, खरंय. तिथे फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार करा. पण ओला कचरा घराबाहेर गेलाच नाही तर एकत्र करणार काय? जुन्या बादलीला बुडाशी आणि बाजूने भोकं पाडा. खाली सुकी पानं किंवा नारळाचा काथ्या घाला. त्यावर रोजच्या साली, देठं, चहाचा चोथा आणि प्रत्येक वेळी वरून पुन्हा मूठभर सुकी पानं. वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालंय. अजून पानं घाला, हलवा. आपल्या घरांसाठी एक सूचना मात्र महत्त्वाची : मटणाची हाडं, मासळीचे काटे, तेलकट बिर्याणी या बादलीत नको, उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या डब्यात.

सुक्या कचऱ्याचं काम त्याहून सोपं आहे, पण तिथे थोडी माणुसकी लागते. ती पिशवी पुढे कुणीतरी हाताने उघडतं, बहुतेकदा एखादी बाई, हातमोज्यांशिवाय. म्हणून फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा. सॅनिटरी पॅड वेगळं बांधून त्यावर लाल खूण करा. दुधाची पिशवी धुऊन ठेवा आणि कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो.

रमजानमध्ये तर आपली परीक्षाच असते. मशिदीतल्या इफ्तारनंतर फळांच्या साली, पाण्याच्या बाटल्या आणि उष्ट्या प्लेटा एकाच गोणीत भरल्या जातात, तेही सलग महिनाभर. दस्तरखान उचलणारी मुलं तुमच्याच वयाची असतात. त्यांच्या हातात दोन गोण्या द्या, साली एकीत आणि बाटल्या दुसरीत. एवढ्यासाठी कमिटीचा ठराव लागत नाही.

आता मुलग्यांसाठी. हे ऐकून घरी जाल आणि अम्मीला सांगाल, “आजपासून दोन डबे ठेव.” तसं करू नका. तिच्या कामात आणखी एक काम घालून पर्यावरण वाचवायचं असेल तर राहू द्या. बादलीला भोकं तुम्ही पाडा, पानं तुम्ही आणा, दुधाच्या पिशव्या तुम्ही धुवा. भाभी हसली तर हसू द्या.

एक काम देतो. आठवडाभर रोज रात्री घरातली पिशवी तोला आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात ओलं-सुकं वेगळं करून पुन्हा तोला. बॅग तोलायचा छोटा काटा मी सोबत आणलाय. ज्याला हवाय त्याने जाताना न्यावा, पुढच्या बैठकीला परत आणावा.