अक्षर टिकवायचे कसे?

(आष्टी, जिल्हा जालना, येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



परवा आपल्या वर्गातले एक गवंडी मला म्हणाले, "गुरुजी, मजुरीची वही दुसराच लिहितो, अंगठा तेवढा माझा. म्हणून शिकायला आलो. पण सकाळी वाचलेलं संध्याकाळी पुसून जातं. उद्यापासून मी येत नाही."

मी मान खाली घातली. का, ते सांगतो. हेच गवंडी लहानपणी माझ्या हाताखाली शिकायला होते. मी सगळ्या पोरांकडून एका सुरात पाठ म्हणवून घेत असे. ज्याला म्हणता येई तो हुशार, ज्याला येत नसे तो ढ. यांना मी ढ म्हटले. पोर शाळा सोडून गेले. चूक पोराची नव्हती, माझी होती. त्यांना विचारून आज ती तुमच्यासमोर कबूल करतो.

तेच ढ पोर आज ओळंबा लावून सरळ भिंत चढवते. विटांचा हिशेब तोंडी करते. मग डोके नव्हते असे कसे म्हणावे?

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तुम्हांला ठाऊक असतील. जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. शेतात राबणारी बाई. लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांनी गाणी रचली. घरच्यांनी ती लिहून ठेवली, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. कान आणि ध्यान पक्के होते. पण लिहून ठेवले नसते, तर ते धन हरवले असते. अक्षराची किंमत ती हीच.

तुम्ही म्हणाल, "आता वय झालं." ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आजीबाई गुलाबी लुगडे नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसल्या. त्या शिकल्या, मग आपण का नाही?

काही लोक म्हणतात, कोणी कानाने शिकतो, कोणी डोळ्याने, कोणी हाताने. ज्याने त्याने आपल्याच वाटेने जावे. मलाही तसेच वाटे. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी याचा कसून तपास केला. माणसावर असा शिक्का मारून शिकवल्याने जास्त येते, याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड निराळी असेल. पण एका बैलाने नांगरण्यापेक्षा जोडी बरी. म्हणून सगळे अवयव कामाला लावा.

पहिले, डोळ्याने नीट पाहा. 'म' आणि 'भ' सारखे दिसतात. पण 'भ' ला वर गाठ आहे आणि तेथे डोक्यावरची रेघ तुटते.

दुसरे, तोंडाने मोठ्याने म्हणा, आणि म्हणता म्हणता हाताने गिरवा. पाटी नसेल तर धुळीत गिरवा.

तिसरे, आणि हे सगळ्यांत मोठे. पाटी पुसा, पुस्तक मिटा आणि आठवून लिहा. चुकले तर चुकू द्या. मग पुस्तक उघडून ताडून पाहा. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेले जास्त टिकते.

चौथे, एका दिवसात सगळे कोंबू नका. रोज थोडे करा. आजचे अक्षर उद्या आठवा, चार दिवसांनी आठवा, आठवडी बाजारच्या दिवशी पुन्हा आठवा. पिकाला सगळे पाणी एकदाच देऊन भागते का? पाळीपाळीनेच द्यावे लागते. तसेच हे.

गवंडीबुवांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "आठ दिवस बघतो." आज आठवा दिवस. काल त्यांनी पुस्तक मिटून पाटीवर तीन शब्द लिहिले : विटा, वाळू, मजुरी. 'मजुरी'तला 'म' त्यांनी आधी 'भ' काढला. मग स्वतःच पुसला आणि नीट केला. मी काही बोललो नाही.

मंडळी, तुमच्यापैकी कोणाला कधी कोणी ढ म्हटले असेल, तर ते विसरा. पाटी घ्या. उद्या सगळ्यांनी या.